लढतीशिवाय डाव पक्का होत नाही



परवा एका गावी खरिपाची सभा आटोपून चहा घेत होतो. एका माउलीने विचारले, "साहेब, थोरल्याला कुस्तीसाठी पुण्याच्या तालमीत घालायचा आहे. धाकटीला शाळेत दहा दिवस कराटे शिकवले. ती म्हणते, आता मला कुणी हात लावू शकत नाही. खरे का हो हे?"

मी म्हणालो, "बाई, अर्धे खरे." उरलेले अर्धे मी स्वतः माती खाऊन शिकलो आहे.

पुण्यात बी.एस्सी.ला असताना मी एका तालमीत जात असे. मित्र अंग सैल सोडून उभा राही आणि मी त्याला ढाक लावून पाडत असे. मला वाटले, डाव आला. गावच्या जत्रेत नारळाच्या कुस्तीला उतरलो. समोरचा गडी मान देईना, हात देईना, पाय एका जागी ठेवीना. मी ढाकेला शिरलो आणि मीच आभाळ पाहिले!

पुण्याला तालमींची परंपरा मोठी. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम १७८३ सालची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. मल्लखांबाने पकड, लवचिकता आणि दम येतो. जोर-बैठकांनी ताकद येते. पण लाकूड उलटा डाव टाकत नाही. म्हणून वस्ताद पोरांना हौद्यात उतरवून एकमेकांशी लढत करायला लावतात. कुणी पट काढायला आला की दुसरा निसटतो. कोणता डाव केव्हा बसतो, हे तिथेच कळते.

जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली. जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी लढतीतून वगळले. त्यामुळे मुलांना रोज पूर्ण ताकदीने झुंजता येऊ लागले. आपल्या कुस्तीतही ठोसा नाही, बोटे पिरगळणे नाही; म्हणून तर रोज लढत करूनही पोरे धड राहतात. डोळ्यात बोट घालण्याचा प्रकार कितीही भयंकर असला, तरी जोडीदारावर खराखुरा करून पाहता येत नाही.

लढतीचाही मुलूख असतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढची चार वर्षे त्यांनी मेहनत घेतली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले.

आपल्या शेतीतही हेच आहे. संशोधन केंद्रावर वाण जोमदार दिसला, तरी आम्ही तो शेतकऱ्याच्या रानात लावून बघतो. तिथे पाऊस ओढ देतो, कीड येते, पाण्याची पाळी चुकते. त्यात तगला तरच शिफारस.

तेव्हा मुलाला तालमीत घालण्यापूर्वी दोन दिवस पहाटे जाऊन बसा. नुसत्या जोर-बैठका चालतात की लढतीही होतात? वस्ताद जवळ उभे राहून चूक दाखवतात का? नवख्याला जुन्या पैलवानापुढे मोकाट सोडत नाहीत ना? हे पाहूनच दूध-तुपाचा खर्च अंगावर घ्या.

आणि मुलीला नाउमेद करू नका. दहा दिवसांत भीड मोडते, आवाज फुटतो. हा लाभ मोठा आहे. पण तिला सांगा, "बाळ, अजून तुझा हात कुणी जोर लावून धरलेला नाही." शक्य असेल तर वर्षभर ज्युदो किंवा कुस्ती शिकू द्या. तरीही रस्त्यावरचा गुंड नियम पाळत नाही. त्याच्या हाती कोयता असेल, सोबत चारजण असतील. तिथे ओरडणे, पळणे आणि ११२ क्रमांक फिरवणे, हाच पहिला डाव.

त्या माउलीने हे लेकीला सांगितले. पोर जरा हिरमुसली. मग म्हणाली, "मग दादाबरोबर मलाही मातीत उतरू दे."

मला वाटते, तिला सारे समजले.