शोकसभेनंतर

नामदेव हा बीबी का मकबऱ्याच्या बागेतला माळी. जातीने अस्पृश्य, पोटी मूलबाळ नाही. एका वर्षी पाण्याची टंचाई पडली आणि बागेतली झाडे वाळू लागली, तेव्हा हा माणूस कुठून कुठून घागरी भरून आणायचा आणि आपला वाफा जगवायचा. बक्षीस देऊ केले तर घेईना. आपलीच लेकरे वाढवली, त्याचे बक्षीस कसले, असे त्याचे म्हणणे. पुढे निजामाच्या मनात औरंगाबादेत बाग करायचे आले आणि शिक्षणखात्याचे प्रमुख नामदेवला त्या शाही बागेत घेऊन गेले. तिथे एके दिवशी मधमाश्या उठल्या. बाकीचे माळी पळून लपले. हा कामात इतका गढलेला की त्याला कळलेच नाही. माश्यांनी घेरले आणि त्यातच तो गेला.

हे सगळे आपल्याला कळते ते मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले गेलेले अब्दुल हक निजामाच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते, पुढे औरंगाबाद कॉलेजचे प्राचार्य झाले. मकबऱ्याची बाग त्यांच्या देखरेखीखाली होती आणि ते राहतही तिथेच. ‘चंद हमअसर’ या त्यांच्या पुस्तकात हाली, मोहसिन-उल-मुल्क अशा बड्या मंडळींची व्यक्तिचित्रे आहेत आणि त्याच पंगतीत हा माळीही बसला आहे. नूर खाँ नावाचा एक साधा शिपाईही आहे. राजे-उमरावांवर लिहिणारे पुष्कळ असतात, आपण एका गरिबावर लिहीत आहोत, असे अब्दुल हक तिथे बजावतात. उर्दूच्या पाठ्यपुस्तकांमधून ‘नामदेव माली’ सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांनी वाचला आहे. मराठीत मात्र त्याचे नाव सहसा कानावर येत नाही. ज्या गावात तो राबला, त्या गावातल्या मराठी वाचकाला तो परका राहावा, याचे मला वैषम्य वाटते.

महाविद्यालयांची आपले मृत आठवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. निधनाची बातमी येते, सूचनाफलकावर कागद लागतो, सभागृहात शोकसभा होते. दोन-तीन भाषणे, शोकठराव, दोन मिनिटे उभे राहून स्तब्धता. वार्षिकांकात काळ्या चौकटीत छायाचित्र आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. माणूस प्राचार्य असेल तर पुढे व्याख्यानमाला, संस्थापक असेल तर पुतळा किंवा इमारतीला नाव. सरस्वती भुवन संस्थेचा गाडा ज्यांनी ओढला, त्या गोविंदभाई श्रॉफ यांचे नाव संस्थेच्या ललित कला अकादमीला आहे. रौजा बागेतल्या मौलाना आझाद महाविद्यालयात तर संस्थापकाची कबरच आवारात आहे. डॉ. रफिक झकेरिया 2005 साली गेले आणि आपणच उभारलेल्या त्या परिसरात त्यांना दफन केले गेले.

यात गैर काहीच नाही. पण शिपाई गेला तर? त्याचे स्मारक आस्थापना विभागात असते. सेवापुस्तकात शेवटची नोंद होते, देणी चुकती होतात, आणि नशीब असेल तर अनुकंपा तत्त्वावर मुलगा त्याच जागी लागतो. मग स्टाफरूममधले जुने लोक पोराला बापाच्या नावाने हाक मारत राहतात.

मकबऱ्यापासून फार दूर नाही असे नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली इथे महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि वरच्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. ज्याला तिकिटाचेच पैसे नाहीत त्याने काय करायचे, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या परीने सोडवला. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे मिनँडर राजावरून महाविद्यालयाला ‘मिलिंद’ नाव मिळाले आणि त्याच्याशी वाद घालणाऱ्या भिक्खूवरून परिसराला ‘नागसेनवन’. प्रश्न विचारणारा आणि उत्तरे देणारा, दोघांनाही जागा ठेवली.

मिलिंदमध्ये आठवणींचे काम शोकसभेवर सोडले गेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. पुराणकाळापासून आंबेडकरांपर्यंत अस्पृश्यांनी काय सोसले, ते त्यात रंगमंचावर आले. मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग स्वतः बाबासाहेबांनी पाहिला आणि 1956 च्या ऑक्टोबरात धर्मांतराच्या वेळी नागपूरलाही तो झाला. ज्यांच्या मरणाची नोंद कोणत्याच दप्तरात नव्हती, अशा पूर्वजांची ती शोकसभाच म्हणा ना. फक्त तिच्यात स्तब्धता नव्हती.

नंतर आले म. ना. वानखेडे. अमेरिकेत शिकताना त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांना जवळून वाचले होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून तसेच रोखठोक लिहून व्हावे, हा त्यांचा ध्यास. 1967 मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले, लवकरच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले आणि गंगाधर पानतावणे यांनी ते सुमारे पन्नास वर्षे चालवले. गावकुसाबाहेरची आई, गुरे ओढणारा बाप, उपाशी गेलेले भावंड यांना छापील पानावर जागा मिळाली ती अशा अंकांतून. वानखेडे 1978 साली गेले. पानतावण्यांना 2018 च्या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली आणि 27 मार्चला ते गेले. दोघांवर लेख आले, सभा झाल्या. पण वानखेड्यांची आठवण कुठे असेल तर ती त्यांच्या मागे चाललेल्या त्या अंकांच्या गठ्ठ्यात. त्यातले कितीतरी लेखक आता हयात नाहीत.

कारभार पाहणाऱ्यांपैकी एकाने मात्र लिहिले. निपाणीचे बळवंतराव वराळे बाबासाहेबांच्या सांगण्यावरून औरंगाबादेत आले आणि मिलिंदच्या व्यवस्थापनात राहिले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सांगाती’. महाविद्यालय कसे चालते हे व्यवस्थापकाला जितके कळते, तितके ते व्याख्यात्याला कळत नाही, असे माझे जुने मत आहे. वराळ्यांसारख्यांनी लिहिले म्हणून ते टिकले.

शेजारच्या विद्यापीठाची गोष्ट याहून निराळी. 1958 मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्या ऑगस्टमध्ये मारले गेले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. दरवर्षी त्या तारखेला गावोगावचे लोक विद्यापीठाच्या गेटवर येतात, कमानीपुढे माथा टेकवतात, शहिदांना अभिवादन करतात. पोचिराम या विद्यापीठात शिकले नव्हते की नोकरीला नव्हते. तरी इथल्या किती कुलगुरूंची नावे त्या गर्दीतला माणूस सांगू शकेल?

नागसेनवनातली एक फळी अजून कागदावर यायची आहे. वसतिगृहाच्या खानावळीत भाकरी थापणाऱ्या बाया, रात्रीचा पहारेकरी, पुस्तके झटकून फळीवर लावणारा ग्रंथालयातला माणूस, प्रयोगशाळेतला परिचर. ‘मी मिलिंदला होतो’ असे छाती फुगवून सांगणाऱ्या किती तरी पोरांचे पोट आणि डोके या माणसांवर चालले. सेवापुस्तके काढून नावे जुळवता येतील. पण माणूस कसा बोलायचा, कुणाला गुपचूप जास्तीची भाकरी वाढायचा, हे सेवापुस्तकात नसते. ते माजी विद्यार्थ्यांना माहीत आहे आणि 1950 च्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी आज नव्वदीच्या पुढे आहे. महाविद्यालयाने यंदाच्या वार्षिकांकाची काही पाने या माणसांसाठी राखून ठेवावीत आणि एखादा विद्यार्थी फोनवर ध्वनिमुद्रण करायला त्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी पाठवावा.