हेडफोनचा अँप्लिफायर घेण्यापूर्वी आकडे वाचा

मोबाइलच्या सुट्या सामानाच्या दुकानांत सध्या एक लहानशी डबी दिसते. कोणी तिला डोंगल म्हणतो, कोणी डॅक, कोणी अँप. किंमत हजाराच्या आसपास सुरू होते आणि पंचवीस-तीस हजारांच्याही पुढे जाते. विकणाऱ्याचे म्हणणे मात्र एकच असते, की डबी लावा, आवाज चौपट होईल. आमचा धंदा कापडाचा. पण काउंट आणि पन्हा पाहिल्याशिवाय तागा उचलू नये, ही सवय दुसऱ्या मालालाही लागू पडते. आमच्या कित्येक वाचक बंधूंची अशी दुकाने आहेत आणि त्याहून जास्त बंधू तेथे गिऱ्हाईक म्हणून जातात. म्हणून हा विषय घेतला आहे.

ब्लूटूथवर चालणाऱ्या हेडफोनला ही डबी लागत नाही. त्याचा अँप्लिफायर त्याच्या पोटातच बसवलेला असतो. तेव्हा प्रश्न फक्त तारेच्या हेडफोनचा आणि इअरफोनचा राहतो.

अॅपल कंपनीने २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचे गोल भोक काढून टाकले आणि पुढे बहुतेक महाग फोनांनी तोच रस्ता धरला. आता फोनमधून आकड्यांच्या रूपात निघालेला आवाज आधी विजेच्या लहरीत बदलावा लागतो आणि मग त्या लहरीला जोर द्यावा लागतो. पहिले काम डॅकचे, दुसरे अँपचे. आजच्या डोंगलमध्ये दोन्ही एकत्र असतात. ज्याच्याकडे साधा इअरफोन आहे आणि फोनला भोक नाही, त्याला फक्त जोडणी हवी असते, जोर नको असतो. त्याचे काम हजार रुपयांच्या आसपासच्या डोंगलात भागते. त्याला दहा हजारांची डबी गळ्यात बांधणारा दुकानदार एक सौदा कमावतो आणि गिऱ्हाईक गमावतो.

आता जोर कोणाला लागतो ते पाहू. प्रत्येक हेडफोनच्या कागदावर दोन आकडे असतात. एक ओहमचा, म्हणजे तो विजेला किती अडवतो. दुसरा डेसिबलचा, म्हणजे एक मिलिवॅट शक्ती दिली तर तो किती आवाज काढतो. हे दोन्ही आकडे जोडीने वाचायचे असतात. बाजारात फक्त ओहम विचारण्याची पद्धत आहे, ती अपुरी आहे.

हिशेब करून दाखवतो. समजा फोन किंवा स्वस्त डोंगल अर्धा व्होल्ट देतो. कानात घालायचा १६ ओहमचा, ११० डेसिबलचा इअरफोन त्याला लावला तर आवाज सुमारे १२२ डेसिबलपर्यंत चढू शकतो, म्हणजे कान फाटेल इतका. त्याच अर्ध्या व्होल्टवर जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा, ९६ डेसिबलवर थांबतो. संगीताचे सर्वांत मोठे टोक ९६ वर असेल तर सर्वसाधारण आवाज त्याच्या पुष्कळ खाली राहतो आणि ऐकणाऱ्याला तो दबलेला वाटतो. येथे दोन व्होल्ट देणारी डबी लावली की टोक १०८ पर्यंत जाते आणि काम होते. गंमत अशी की हाच हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा तीन ओहममध्ये मिळतो आणि दिसायला तिन्ही जवळपास सारखे. घेताना पेटीवरचा आकडा जरूर पाहा.

उलट उदाहरणही आहे. चीनच्या हायफायमन कंपनीचा एचई-६ फक्त ५० ओहमचा होता, पण डेसिबल ८३.५. ओहम पाहून हा सोपा गडी वाटेल. प्रत्यक्षात त्याच्याकडून १०६ डेसिबल काढायला जवळजवळ १८० मिलिवॅट, म्हणजे तीन व्होल्ट आणि ६० मिलिअँपिअर लागतात. खिशातल्या साध्या डोंगलला हे ओझे पेलत नाही. सपाट पडद्याचे, ज्यांना प्लेनर म्हणतात, त्या हेडफोनांत असे भुकेले बरेच आढळतात, सगळे नव्हे.

"आवाज चौपट" या शब्दाचाही खुलासा करायला हवा. शक्ती चौपट केली तर आवाज केवळ सहा डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते.

पेटीवर मोठ्या अक्षरात ३०० मिलिवॅट असे छापलेले असते आणि बाजूला बारीक अक्षरात ३२ ओहम. त्याच डबीला २५० ओहमचा हेडफोन लावला तर व्होल्ट तेवढेच राहतात आणि ३०० चे ३८ होतात, जवळपास आठवा हिस्सा. म्हणून दुकानदाराला मिलिवॅट कमी आणि व्होल्ट जास्त विचारावेत. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्ट लागतात, कमी ओहमच्या भुकेल्याला करंट.

तिसरी गोष्ट कागदावर पुष्कळदा सापडत नाही, पण महत्त्वाची आहे. डबीचा स्वतःचाही अडथळा असतो, त्याला आउटपुट इंपिडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा असा जाणकारांचा ठोकताळा आहे. १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहमपर्यंतची डबी ठीक. ज्या इअरफोनात एकाहून जास्त बारीक यंत्रे बसवलेली असतात, त्यांचा सूर जास्त अडथळ्याच्या डबीवर बदलतो, कोठे खर्ज फुगतो तर कोठे वरचा स्वर बसतो. शिवाय जोरदार डबी नाजूक इअरफोनला लावली की गाणे थांबल्यावर मागे बारीक सूं ऐकू येते. अशा वेळी डबीवर गेनचे बटन असेल तर ते खालच्या बाजूला ठेवावे.

४.४ मिलिमीटरच्या जाड पिनेला बॅलन्स्ड म्हणतात. तिच्यातून व्होल्ट साधारण दुप्पट मिळतात. हेडफोनला ते लागत असतील तर फायदा, नाहीतर नवी केबल घेण्याचा खर्च. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलांबद्दल आम्ही येथे लिहीत नाही, तो शोभेचा माल आहे.

आमच्या कारागीर बंधूंना आवडेल असे एक उदाहरण सांगतो. २०११ साली एका इंजिनिअरने आपले नाव न सांगता ओ-टू नावाच्या लहान अँप्लिफायरचा आराखडा, मापांसकट, सर्वांसाठी खुला केला. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर तो चालत असे आणि त्याचा अडथळा सुमारे अर्धा ओहम होता. सुटे भाग साधे, बाजारात मिळणारे. अनेक लहान कारखान्यांनी तो बनवून विकला. हातात सोल्डरिंगचे कसब असलेल्या माणसाला लॅमिंग्टन रोडवर फिरून असे सामान जमवणे कठीण नाही.

कानाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आमचे पुष्कळ वाचक मागावर उभे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते आणि ९० डेसिबलवर आठवड्याला फक्त चार तास उरतात. पॉवरलूमच्या शेडमधला खडखडाट मुळातच ९० च्या वर असतो. त्यावर गाणे ऐकायचे म्हणजे आवाज त्याहून वर न्यावा लागतो. पोरे तेथे डोंगलची मागणी करतात, कारण फोनचा आवाज पुरत नाही. पुरत नाही तो शेडमुळे, फोनमुळे नव्हे. तेथे अँप विकणे म्हणजे त्या पोराचे कान विकणे होय. त्याला कान बंद करणारे रबरी बूच किंवा इअरमफ द्यावे आणि गाणे सुट्टीत ऐकायला सांगावे.

खरेदीला जाताना आपला हेडफोन आणि आपलाच फोन बरोबर न्यावा. काही अँड्रॉइड फोनवर काही डोंगलांचा आवाज पुरा उघडत नाही, हे जोडल्यावरच कळते. ओळखीचे गाणे लावावे, आवाज शून्यापासून चढवावा, मग गाणे थांबवून सूं ऐकावी. फोनच्या बॅटरीवर चालणारी डबी फोन लवकर उतरवते. स्वतःची बॅटरी असलेली जड पडते आणि दोन-चार वर्षांत तिची बॅटरी थकते, तेव्हा ती बदलून मिळते का हे आधीच विचारावे. बिल पक्के घ्यावे आणि वॉरंटी कोण सांभाळणार, दुकानदार की कंपनी, हे त्या बिलावर लिहून घ्यावे.