डोलीत शिरणारे पाणी

सकाळी साडेआठची ठाणे-वाशी लोकल. रबाळ्याला गाडी थांबते तेव्हा डब्यात दोन तऱ्हांची माणसे दिसतात. काही जण खांदे आवळून वरच्या कडीला लटकलेले असतात. गचका बसला की शेजारच्यावर आदळतात. काही जुने प्रवासी गुडघे किंचित सैल सोडून, भार खाली पावलांत ठेवून उभे असतात. गाडी हलते तसे ते हलतात आणि पडत नाहीत. ताई चीच्या वर्गात पहिल्या दिवशी नेमके असेच उभे राहायला सांगतात.

या चिनी युद्धकलेचा जनक म्हणून चांग सानफेंग नावाच्या ताओपंथी साधूचे नाव घेतात. ती दंतकथा. खात्रीचा धागा हेनान प्रांतातल्या चेन गावापर्यंत, सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग या लढवय्यापर्यंत पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान याच गावात ही कला शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागला. १९५६ साली चीन सरकारच्या क्रीडा विभागाने सर्वसामान्यांसाठी चोवीस हालचालींचा सुटसुटीत क्रम बसवला. जगभरच्या बागांमध्ये सकाळी दिसतो तो बहुधा हाच. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

ताई चीमागचा ताओ विचार मराठी वाचकाला भेटला तो बराचसा ओशोंच्या हिंदी प्रवचनांतून. ती मालिका १९७१ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे पुण्यात चालली. त्यातला 'वू वेई' म्हणजे 'काही न करणे' हा शब्द मात्र आपल्याकडे आळशांच्या फार सोयीचा ठरला.

त्याचा खरा अर्थ रबाळ्याच्या पश्चिमेला, ठाण्याच्या खाडीत कळतो. कोळ्यांचे डोल जाळे पिशवीसारखे असते. तोंड रुंद, शेपूट निमुळते. ते खुंटांना बांधून प्रवाहासमोर उघडे ठेवायचे. मासळीच्या मागे धावायचे नाही, तिला पाणीच आत आणते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरदार असते तेव्हा डोल लावायची; अष्टमीच्या आसपास, भांगेच्या दिवसांत, पाणी मंदावले की जाळी वाळवायची, फाटके विणायचे. वरवर पाहता माणूस काहीच करत नाही. पण खुंट कुठे रोवायचा, तोंड किती वळवायचे, जाळे कधी उचलायचे, हे कळायला आयुष्य जाते. सांडपाण्याने आणि भरावाने ही मासेमारी रोडावली, ही खंत आहेच. २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगोंचे कौतुक झाले, डोलीचे फारसे झाले नाही.

आखाड्यातही हेच. धोबीपछाडीत समोरचा अंगावर येतो तेव्हाच त्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला पुढे फेकायचे असते. जोर निम्मा त्याचाच. पण ही 'सोपी' गोष्ट जमायला हजारो जोर-बैठका आधी झालेल्या असाव्या लागतात. ताओपंथी विचारवंत चुआंग त्झूच्या गोष्टीतल्या खाटकाची सुरी एकोणीस वर्षे धारदार राहते, कारण ती हाडांवर न आपटता सांध्यांच्या फटींतून फिरते. त्या फटी हाताला कळेपर्यंतची वर्षेही गोष्टीत आहेत. सांगणारे ती गाळतात.

संथपणाचा हिशेब वैद्यकानेही मांडला आहे. अमेरिकेत २०१२ साली कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ताई ची करणाऱ्यांचा तोल इतरांपेक्षा सुधारला. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात पडण्याचा धोका असलेले ६७० वृद्ध होते. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची केलेल्यांमध्ये पडण्याचे प्रमाण केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघाले.

एमआयडीसीतल्या लेथवर आठ तास उभ्या राहणाऱ्याला यातून काय घेता येईल? गुडघे ताठ न ठेवणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेणे, श्वास पोटापर्यंत जाऊ देणे. साहेब अंगावर ओरडत आला तर उत्तर एका श्वासाने लांबवणे. यासाठी रेशमी झगा लागत नाही, उदबत्तीही नाही. रोजची पंधरा मिनिटे लागतात, आणि तीच कुणाला सापडत नाहीत.

कोळ्यांकडे वेळेचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, खाडीत आतवर थोडी उशिरा. अष्टमीच्या संध्याकाळी रबाळ्याला उतरणारे जिना चढत असतात तेव्हा पश्चिमेला पाणी माघारी वळू लागलेले असते.