हिमयात्रेचा सरंजाम (लेखांक पाचवा) : मोठी सॅक कशी निवडावी

मागच्या आठवड्यात स्लीपिंग बॅगेचा विचार पुरा झाला, तेव्हा अनेक वाचकांच्या मनात साहजिकच आले असेल की सॅकची चर्चा या लेखमालेच्या आरंभीच व्हावयास हवी होती. कारण हिमालयात जावयाचे ठरले की दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेले आपले मराठी तरुण सर्वांत आधी जी वस्तू विकत घेतात, ती सॅकच असते. हा क्रम मी हेतुपुरस्सर उलटा ठेवला आहे. तिच्यात जे जिन्नस भरावयाचे, त्यांचे आकारमान आणि वजन हाती आल्याखेरीज तिच्या मापाचा अजमास करता येत नाही. आणि ज्या पाठीवर ती चढावयाची, त्या पाठीचे माप घेतल्यावाचून तिची निवड करणे तर मला सर्वस्वी अनुचित वाटते. म्हणून तिच्यात भरावयाच्या सरंजामानंतरच तिची खरेदी व्हावी.

आपल्यापैकी बहुतेकांचे पाय राजगड, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या वाटांवर घडले आहेत. तेथे कातळात कोरलेल्या टाक्यांत पाणी असते, पायथ्याच्या गावात पिठले-भाकरीची तजवीज होते, मुक्कामाला गुहा किंवा देऊळ मिळते, आणि म्हणून चाळीस-पन्नास लिटरच्या सॅकेत दोन रात्रींचा संसार सुखाने मावतो. उन्हाळ्यातल्या हिमालयातही तंबू आणि शिधा वाहून नेण्यास खेचरे असतात, त्यामुळे यात्रेकरूच्या पाठीवर फारसे ओझे येत नाही. परंतु पौष-माघात गढवालच्या किंवा कुलूच्या वरच्या खोऱ्यांत गुडघाभर बर्फ साचले की खेचरांची वाट बंद होते, आणि तंबू, स्टोव्ह, इंधन, दोर, फावडे या सगळ्यांचा वाटा माणसांच्या पाठीवर येऊन पडतो. शिवाय झरे गोठलेले असल्यामुळे पिण्याचे पाणीसुद्धा बर्फ वितळवूनच मिळवावे लागते, आणि त्यासाठी इंधन अधिक न्यावे लागते. हिवाळी सॅक मोठी का असावी लागते, याचे खरे कारण हे आहे. जाड कपड्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

ओझे शरीराच्या कोणत्या भागाने पेलावे, हा प्रश्न मनुष्यजातीइतकाच जुना असला पाहिजे. नेपाळातील भारवाहक आपल्या डोको नावाच्या टोपलीला नामलो नावाचा पट्टा बांधून तो कपाळावर घेतात आणि भार कण्याच्या रेषेत आणतात. परंतु त्यासाठी लहानपणापासून घडलेली मान लागते. युरोपात पिशवीला नुसतेच दोन खांदेपट्टे लावण्याचा प्रघात होता, आणि त्यातून सगळा भार खांद्यांच्या स्नायूंवर पडून माणूस पुढे वाके. नॉर्वेच्या ओले बर्गान याने पाठीच्या वळणाबरहुकूम वाकविलेल्या सांगाड्यावर पिशवी बसविण्याची युक्ती काढून १९०९ साली तिचे पेटंट घेतले. शिकारीहून परतताना पाठीवरची पिशवी सुसह्य व्हावी म्हणून त्याने प्रथम जुनिपरची फांदी वाकवून वापरली, असे सांगतात. त्यानंतरचे मोठे पाऊल पडले ते १९५२ साली कॅलिफोर्नियात. तेथे डिक केल्टी याने ॲल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याच्या सॅका तयार करून विकण्यास आरंभ केला. त्यांचे शिवणकाम त्याची पत्नी नेना करीत असे. डोंगरात चालता चालता सांगाड्याची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली आणि खांदे एकाएकी मोकळे झाले, या अनुभवातून कमरपट्ट्याची कल्पना निघाली, अशी आख्यायिका आहे. पुढे १९६७ च्या सुमारास ग्रेग लो याने सांगाडा पिशवीच्या आत घेतला, त्यामुळे सॅक पाठीला चिकटून राहू लागली आणि कड्यावर किंवा हिमाच्या उतारावर चढणाऱ्याचा तोल सावरणे सोपे झाले. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या मोठ्या सॅका याच वंशातल्या आहेत.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य एवढेच की भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर आला. कडेवर मूल घेऊन कोसभर चालणाऱ्या आपल्या बायकांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, तेच सॅक शिवणाऱ्यांना विसाव्या शतकाच्या मध्यास गवसले. म्हणून सॅक पाहताना दृष्टी प्रथम तिच्या कमरपट्ट्याकडे आणि पाठीच्या लांबीकडे गेली पाहिजे. लिटरचा आकडा त्यानंतर वाचावा.

पाठीचे माप घरी, दुसऱ्या कोणाच्या मदतीने, शिंप्याच्या टेपने घेता येते. मान पुढे झुकविली असता तिच्या मुळाशी जे हाड ठळकपणे वर येते, ती मापाची वरची खूण. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवावेत की तर्जनी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकेल आणि अंगठे मागे वळतील. त्या दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जेथे छेदते, ती खालची खूण. या दोहोंमधील अंतर कण्याच्या वळणावरून टेप फिरवून मोजावे. प्रौढ माणसांत ते बहुधा त्रेचाळीस ते त्रेपन्न सेंटिमीटरांच्या दरम्यान भरते; परंतु उंचीवरून त्याचा अंदाज बांधू नये, कारण लांब पायांच्या उंच माणसाची पाठ आखूड असू शकते आणि ठेंगण्या माणसाची लांब. पुष्कळ सॅकांची पाठ वरखाली सरकविता येते. तसे नसेल तर लहान, मध्यम आणि मोठी अशा मापांतून निवड करावी लागते. स्त्रियांसाठी म्हणून ज्या सॅका मिळतात, त्यांची पाठ आखूड, खांदेपट्टे अरुंद व एकमेकांच्या जवळ, आणि कमरपट्टा नितंबांच्या उताराला अनुसरून तिरपा असतो. एखाद्या सडपातळ पुरुषाला तीच सॅक अधिक अनुरूप बसत असेल, तर त्याने संकोच धरण्याचे कारण नाही.

दुकानात रिकामी सॅक पाठीवर घेऊन आरशात पाहण्याने काहीच सिद्ध होत नाही. विक्रेत्याकडे वजनाच्या पिशव्या असतील तर त्या, नसतील तर दोराची वेटोळी किंवा भरलेल्या बाटल्या आत घालून निदान बारा-पंधरा किलो भार करावा, सगळे पट्टे सैल करावे, आणि मग प्रथम कमरपट्टा बांधावा; त्याचा मध्यभाग कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. त्यानंतर खांदेपट्टे ओढावे, मग खांद्यांवरून सॅकच्या माथ्याकडे तिरपे जाणारे छोटे पट्टे ओढावे, आणि छातीचा पट्टा सर्वांत शेवटी, श्वास मोकळा राहील इतपतच. ते तिरपे पट्टे साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करीत असतील, तर पाठीची लांबी योग्य आहे असे समजावे. ही सगळी परीक्षा हिवाळी पोशाखात करावी, असा माझा आग्रह आहे. दिल्लीच्या ऑक्टोबरात पिसांचे जाकीट घालून दुकानात उभे राहणे घाम फोडणारे आहे खरे. तथापि उणे पंधरा अंशांत अंगावर जे थर असतील, त्यांच्यावरून कमरपट्टा पुरतो की नाही, आणि मोहिमेत वजन घटल्यावर तो पुरेसा आवळता येतो की नाही, याची खातरजमा करण्याचा दुसरा मार्ग नाही. हातमोजेही बरोबर न्यावे आणि प्रत्येक बकल ते घालूनच उघडावे, लावावे. जे बकल मोजे काढल्यावाचून उघडत नाही, ते बर्फाच्या वादळात बोटांचा घात करील.

आता आकारमानाविषयी. आपण आतापर्यंत जमविलेले सामान, म्हणजे कडाक्याच्या थंडीची स्लीपिंग बॅग, मॅट, पिसांचे जाकीट, बदलीचे लोकरी कपडे, तंबूचा वाटा, स्टोव्ह, इंधन आणि शिधा, एका मोठ्या खोक्यात रचून पाहावे आणि मग ठरवावे. चार-पाच दिवसांच्या हिवाळी ट्रेकला सत्तर लिटर सहसा पुरतात. दोर, बर्फाची कुऱ्हाड, क्रॅम्पॉन आणि आठवड्याहून अधिक शिधा न्यावयाचा असेल, तर ऐंशी ते शंभर लिटरची सॅक लागते. त्याहून मोठी घेण्याचा मोह टाळावा. मोकळी जागा दिसली की मनुष्य ती भरतोच. शिवाय इतकी मोठी सॅक रिकामीच अडीच-तीन किलोंची असते, आणि ते वजन प्रत्येक चढणीवर वाहावे लागते. शरीराच्या वजनाच्या चतुर्थांशापर्यंत ओझे बाळगावे, हा सर्वसाधारण संकेत हिवाळी मोहिमेत पाळता येतोच असे नाही. परंतु तृतीयांशाच्या पुढे गेल्यास सामानाची यादी पुन्हा काढावी, आणखी मोठी सॅक शोधू नये.

हिवाळ्याचे म्हणून जे विशेष आहेत, त्यांत पाठीच्या रचनेला मी अग्रस्थान देतो. पाठ आणि पिशवी यांच्यामध्ये ताणलेली जाळी बसवून हवा खेळती ठेवण्याची जी रचना हल्ली लोकप्रिय आहे, ती सह्याद्रीतल्या वैशाखात वरदान ठरते. परंतु बर्फात त्या पोकळीत हिम शिरून गोठते, आणि भारही पाठीपासून दूर राहून मागे ओढतो. हिवाळी सॅकची पाठ साधी, पाणी न शोषणाऱ्या फोमची आणि बर्फ झटकताच स्वच्छ होणारी असावी. कापड चारशे ते पाचशे डेनियरचे नायलॉन असावे. तळाशी त्याहून जाड असल्यास उत्तम, कारण क्रॅम्पॉनचे दाते आणि कातळाच्या कडा पातळ कापडाची गय करीत नाहीत. पिशवीच्या तोंडाशी दोरीने आवळता येणारी लांब बाही असावी, म्हणजे वादळात सॅक उघडली तरी आतल्या सामानावर हिमाचा भुगा पडत नाही. कुऱ्हाडीसाठी फासे आणि दोन्ही बाजूंना आवळण्याचे पट्टे हवेतच. बाहेर लोंबकळणाऱ्या खिशांची मात्र मला धास्ती वाटते. ते झाडीत अडकतात, हिमाने भरतात आणि तोल बिघडवितात. पाण्याच्या नळीसाठी केलेली सोय पाहून सॅक पसंत करू नये, कारण कडाक्याच्या थंडीत नळीतले पाणी सर्वांत आधी गोठते. दोरावर चढावयाचे असेल, तर हार्नेस घालून सॅक पाठीवर घ्यावी आणि हार्नेसची बकले व वळी कमरपट्ट्याखाली दबत नाहीत ना, हे पाहावे. काही सॅकांचा कमरपट्टा याच कारणासाठी काढून ठेवता येतो.

दिल्लीत राहणाऱ्याला या बाबतीत काही सोयी अनायासे लाभल्या आहेत. बेनितो हुआरेझ मार्गावर भारतीय पर्वतारोहण प्रतिष्ठानचे मुख्यालय आहे. १९५८ च्या चो ओयू मोहिमेसाठी जी समिती स्थापन झाली, तिच्यातूनच १९६१ साली ही संस्था आकारास आली. भारतातील शिखरांवर जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या संघांनाही परवानगीचे कागद बहुधा येथूनच हलवावे लागतात. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ मध्ये संरक्षण मंत्रालय आणि उत्तर प्रदेश शासन यांच्या सहकार्याने स्थापन झाली, त्या समयी संरक्षण खात्याची धुरा यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होती. १९६२ च्या युद्धाने उंचावरच्या थंडीत अपुऱ्या सरंजामाची किंमत काय असते, हे देशाला दाखवून दिले होते, त्याला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. या संस्थेत बेसिक कोर्स करणाऱ्याला कातळावरच्या सरावाच्या दिवसांत पाठीवर भार घेऊन टेखला येथील कातळापर्यंत चालत जावे लागते, आणि सॅकविषयी त्या चालीत जे उमगते ते कोणत्याही दुकानात उमगणार नाही. ज्याने असा कोर्स अद्याप केलेला नाही, त्याने पहिल्या मोहिमेपुरती सॅक भाड्याने घ्यावी आणि खरेदी पुढच्या वर्षावर ढकलावी, असा माझा सल्ला राहील.

विकत घ्यावयाचीच असेल तर नोएडा-गुरुग्रामच्या मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत सॅक पाठीवर घेऊन हिंडू देतात, त्याचा पुरेपूर लाभ घ्यावा. दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारात लष्करी धाटणीचे पिट्ठू मिळतात. ते दणकट असतात, पण वजनदार. परदेशी नाव शिवलेली आणि निम्म्या दरात मिळणारी सॅक कोठेही दिसली, तर नावाकडे न पाहता खांदेपट्टा जेथे पिशवीला जोडला आहे तेथे बोट फिरवावे: तेथे दाट, आडव्या टाक्यांची पुनःपुन्हा शिवण नसेल, तर ती वस्तू महाविद्यालयाच्या वाटेपुरतीच. उलट, जुन्या चांगल्या सॅकची चेन बिघडली किंवा पट्टा उसवला, तर ती टाकून देऊ नये. नबी करीमच्या गल्ल्यांतून पिशव्या शिवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे, आणि जाड नायलॉनवर चालणारे यंत्र व ते चालविण्याचे कसब तेथे सापडते.

सॅक घरी आल्यावर तिची तालीम व्हावी. खाली रजई, मध्यभागी पाठीलगत तांदळाच्या पिशव्या, वर हलके कपडे, अशी अठरा-वीस किलोंची सॅक घेऊन आपल्याच इमारतीचे जिने चढावे. नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींनी पर्वतारोहकासाठी ही एक सोय करून ठेवली आहे. उतरताना गुडघ्यांवर ताण नको असेल, तर लिफ्टने उतरावे. दिवाळीनंतर हवा दूषित होते, तेव्हा उघड्यावर भार घेऊन दमछाक करून घेणे आरोग्यास अपायकारक आहे. म्हणून अरवलीच्या टेकड्यांवरची तालीम दसऱ्यापूर्वी उरकावी. अर्ध्या तासाने खांदे बधिर होऊ लागले, तर बहुधा कमरपट्टा घसरलेला असतो किंवा पाठ आखूड असते, आणि दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याच्या आत हे कळलेले बरे.

प्रवासाविषयी दोन शब्द. काश्मीरी गेटहून निघणाऱ्या बसच्या डिकीत सॅक टाकण्यापूर्वी तिला पोते किंवा बारदान घालावे. लेहला विमानाने जावयाचे असेल, तर सगळे लोंबते पट्टे आत वळवून बांधावे, कारण विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यांत ते अडकून तुटतात. आणि गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, म्हणून इंधनाची तजवीज तिकडेच करावी.

परतल्यावर सॅक कोमट पाण्याने हाताने पुसून, सावलीत पूर्ण वाळवून ठेवावी. धुण्याच्या यंत्रात ती कदापि घालू नये. दिल्लीच्या घरांतून पलंगाच्या पेटीत सामान कोंबण्याची रीत आहे, परंतु श्रावण-भाद्रपदाच्या दमट उष्म्यात कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर तेथे चिकट होऊन सुटू लागतो, आणि एकदा सुटू लागल्यावर तो पूर्ववत होत नाही. सर्व पट्टे सैल करून, तोंड उघडे ठेवून, कपाटाच्या माथ्यावर वारा लागेल अशी ती ठेवावी. पुढील लेखांकात हिवाळी बुटांचा विचार करू.