जिथे परीक्षा घ्यायलाच मनाई आहे

बारावी झाली की सीईटी, सीईटी झाली की कॅप राउंड, मग सेमिस्टर, बॅकलॉग आणि शेवटी प्लेसमेंट. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या कुठल्याही पोराला विचारा, शिक्षण म्हणजे ही एवढी माळ तो एका दमात म्हणून दाखवील. त्याला सांगून बघा, की डेन्मार्कमध्ये सत्तरेक शाळा अशा आहेत, जिथे परीक्षा घ्यायला चक्क कायद्यानेच मनाई आहे. गुण नाहीत, श्रेणी नाही, पदवी नाही. साडेसतरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणीही जावं, चार-सहा महिने तिथेच राहावं, शिकावं आणि घरी यावं. वर या शाळांना सरकार अनुदान देतं! पोरगा लगेच विचारील, "मग उपयोग काय त्याचा?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका पाद्र्यापासून सुरू होतं.

निकोलाय ग्रुंटविग (१७८३–१८७२) हा कवी, इतिहासकार आणि धर्मोपदेशक. लॅटिनची घोकंपट्टी करून घेणाऱ्या शाळांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. १८२९ ते १८३१ या काळात तो तीनदा इंग्लंडला गेला, जुनी हस्तलिखितं वाचायला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याच्या मनात भरलं ते मात्र भलतंच: तिथे गुरू आणि विद्यार्थी एकाच छपराखाली राहत, एकत्र जेवत आणि जेवताना वाद घालत. परत आल्यावर त्याने लिहायला घेतलं, की असं शिक्षण शेतकऱ्यांच्या पोरांना का नको? त्यांच्याच भाषेत, त्यांचाच इतिहास, गाणी आणि मनमोकळ्या गप्पा. गंमत म्हणजे या गृहस्थाने स्वतः अशी एकही शाळा काढली नाही. पहिली लोकशाळा १८४४ मध्ये रोडिंग या गावी इतरांनी काढली.

ती कल्पना खऱ्या अर्थाने मातीत उतरवली क्रिस्टेन कोलने. हा चांभाराचा मुलगा. १८५१ मध्ये रिस्लिंगे गावात त्याने शाळा सुरू केली तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याहून जरा जास्त, एवढीच मुलं. तो त्यांच्याबरोबर माळ्यावर झोपायचा, त्यांच्याच पंगतीला जेवायचा. त्याची एक गोष्ट सांगतात. एक विद्यार्थी कुरकुरला, "तुम्ही बोलता ते ऐकायला फार छान वाटतं, पण नंतर काहीच आठवत नाही." कोल म्हणाला, "शेतात निचऱ्याचे पाइप पुरले तर वर खूण ठेवावी लागते, नाहीतर पुन्हा सापडत नाहीत. पण दाणे पेरले तर खूण कशाला? ते आपले आपण वर येतात." परीक्षा का नको, याचं याहून चांगलं उत्तर मी तरी कुठे वाचलेलं नाही.

या शाळांचं वेळापत्रक शेतीने ठरवलेलं होतं. हिवाळ्यात बर्फाने शेतं झाकली की तरुणांचं पाच महिन्यांचं सत्र, उन्हाळ्यात तरुणींचं तीन महिन्यांचं. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेसविग गमावलं. रोडिंगसुद्धा सरहद्दीपलीकडे गेलं, म्हणून शाळा पुढल्या वर्षी आस्कोवला हलली. हरलेल्या, चिमुकल्या झालेल्या देशात त्यानंतर अशा शाळा भराभर उगवल्या. १८७० नंतर अमेरिकेचं आणि रशियाचं स्वस्त धान्य युरोपात लोटलं, भाव पडले. डॅनिश शेतकरी धान्य सोडून लोण्याकडे वळला. १८८२ मध्ये येडिंग या गावी पहिली सहकारी डेअरी निघाली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अशा डेअऱ्या हजाराच्या घरात गेल्या. गोठ्यात दोन गाई असोत की वीस, मत एकच. सगळं श्रेय शाळांना देणं अतिशयोक्तीचं होईल. पण परक्या घरच्या पोरांबरोबर पाच महिने एका ताटात जेवलेल्या माणसांना एकमेकांच्या दुधावर विश्वास ठेवणं सोपं गेलं असणार, एवढं पटतं.

आता आग्रा रोडवरच्या चांदवडला परत येऊ. तिथे निवासी शिक्षण काही नवं नाही. इथला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ चा. आज त्या संस्थेत अभियांत्रिकीपर्यंत सगळं शिकवतात, अर्थात परीक्षेसह. परीक्षेविना शाळा चांदवडने पाहिली ती ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला, आणि ती फक्त दोन दिवस भरली. दिवाळी नुकतीच उरकली होती. शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला गावोगावच्या शेतकरी बायका लाखांच्या संख्येने आल्या होत्या.

हे अधिवेशन म्हणजे नुसती सभा समजू नये. संघटनेचे संस्थापक शरद जोशी बर्नमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले आणि त्या शेतीच्या हिशेबातून त्यांची मांडणी उभी राहिली. शेतकरी संघटनेची शिबिरं त्याच हिशेबावर चालत. कांद्याचंच घ्या. रोप, लागवड, खुरपणी, खत, औषध, काढणी, गोण्या, ट्रॅक्टरचं भाडं, मग बाजार समितीतली हमाली, तोलाई. लिहीत गेलं की हातातल्या विक्रीपट्टीवरचा आकडा किती केविलवाणा आहे ते आपोआप दिसतं. या हिशेबात एक रकाना कायम कोरा असायचा: घरच्या बाईच्या मजुरीचा. वाफ्यात वाकून रोपं लावणारी ती, खुरपणारी ती, कांदा कापणारी ती, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. चांदवडच्या अधिवेशनाआधी गावोगाव बायकांशी बोलणं झालं, आणि त्या मांडणीचं पुस्तकही 'चांदवडची शिदोरी' या नावाने निघालं. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली, नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात आघाडीवर होतं.

ग्रुंटविगला हे ओळखीचं वाटलं असतं. ना पाटी, ना हजेरी, ना गुणपत्रिका. मोठी माणसं स्वतःच्या जगण्याचा हिशेब एकमेकांसमोर मांडतात आणि मग घरी जाऊन काहीतरी बदलतात. फरक छपराचा. डेन्मार्कने त्या गप्पांना इमारत, कायदा आणि अनुदान दिलं. आपल्याकडे मांडव उतरला की शाळा सुटली. १९५० च्या दशकात डॅनिश नमुन्यावर भारतात 'जनता कॉलेज' निघाली होती, ती फारशी रुजली नाहीत. माझा कयास असा, की वरून आलेल्या शाळेला गावाचा स्वतःचा प्रश्न नव्हता. चांदवडला प्रश्न होता, छप्पर नव्हतं.

तरीही कुणाला तिकडे जाऊन बघायचंच असेल, तर दार उघडं आहे. हॅम्लेटच्या किल्ल्यामुळे जगाला ठाऊक असलेल्या हेल्सिंगर शहरात इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज आहे. पहिल्या महायुद्धात एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या देशांतली माणसं एका घरात राहावीत, म्हणून पीटर मॅनिके यांनी ते १९२१ मध्ये काढलं. शिकवणं इंग्रजीतून, विद्यार्थी जगभरचे. अशा शाळांत सकाळ सामूहिक गाण्याने उजाडते. त्यासाठीचं गाण्यांचं पुस्तक १८९४ पासून नवनव्या आवृत्त्यांत निघतंय. मग राजकारणापासून मातीकामापर्यंत हवा तो वर्ग.

दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्याव्यात. फी आठवड्याच्या हिशेबाने असते, डॅनिश सरकारचा हातभार धरूनही रुपयांत ती जड जाते, शिवाय निवासाचा परवाना वेगळा काढावा लागतो. त्यातून पदवीला लागणारं क्रेडिट मिळेल या भरवशावर राहू नये. तेव्हा पदवी उरकून मोकळ्या वर्षात जाणं शहाणपणाचं. आणि दुसरी गोष्ट मुलग्यांच्या आयांनी वाचावी: स्वयंपाकघराची आणि साफसफाईची पाळी तिथे प्रत्येकाला येते. ज्याने घरी स्वतःचं ताटही कधी उचललं नाही, त्याला तिथे अख्ख्या पंगतीची भांडी विसळावी लागतील, आणि तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे.