तिसऱ्या चुंबकाची जागा

1993 साली शिकागोत तयार झालेल्या 'ट्वायलाइट झोन' या पिनबॉल यंत्रात एक गोष्ट बसवलेली नाही, आणि ती आपल्यात नाही हे त्या यंत्राला ठाऊक आहे. धावत येणारी गोळी क्षणभर धरून ठेवायला एका वळणदार वाटेखाली चुंबक लावायचे होते. सुरुवातीच्या नमुन्यांमध्ये ते तीन होते. कारखान्यातून यंत्रं बाहेर पडू लागली तेव्हा काटकसरीत एक गळाला आणि दोन उरले. प्रोग्रॅममधली तिसऱ्याची तजवीज मात्र तशीच राहिली. पुढे हौशी मालकांनी तिसरा चुंबक विकत आणून जागेवर बसवला, यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू केला, आणि यंत्र तिन्ही चुंबकांनिशी खेळू लागलं.

हे मला कळलं तेव्हापासून पिनबॉलचं यंत्र दिसलं की त्यात काय आहे यापेक्षा कशाला जागा मिळाली नाही, हेच मी आधी शोधते.

आपल्याकडे पिनबॉलची ओळख बहुतेकांना झाली ती संगणकावर, विंडोज एक्सपीबरोबर येणाऱ्या 'स्पेस कॅडेट'मधून. त्याचा पूर्वज मात्र आपल्या घरांत त्याही आधी पोचला होता. लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, कडेला स्प्रिंगचा दांडा आणि छर्रे: तो बगाटेल. दांडा ओढून सोडण्याची ती युक्ती 1871 साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांच्या पेटंटमध्ये नोंदली गेली. बगाटेलमध्ये छर्रा एकदा सुटला की आपण फक्त बघायचं. खिळ्यांवर टणटण आपटत तो कुठल्या घरात पडतो ते त्याचं नशीब. हे बघत बसणं 1947 साली संपलं. गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त हॅरी मॅब्स यांनी विजेवर हलणारे सहा फ्लिपर लावले आणि खाली आलेली गोळी पुन्हा वर मारता येऊ लागली. लगेच पुढच्या वर्षी जेन्को कंपनीत स्टीव्ह कॉर्डेक यांनी सहाच्या जागी दोनच फ्लिपर ठेवले, पण ते अगदी खालच्या टोकाला, आणि डायरेक्ट करंटवर चालणारे, म्हणून जोरकस. चार फ्लिपर गेले आणि खेळ सुधारला. आजही जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या तळाशी दोन फ्लिपर एकमेकांकडे तोंड करून उभे असतात.

हा सगळा संसार मांडायला जागा किती? साधारण सव्वावीस इंच रुंद आणि बेचाळीस इंच लांब असा एक लाकडी पट. गोळी पोलादाची, सुमारे 27 मिलिमीटर व्यासाची, 80 ग्रॅम वजनाची. पट मागे उचललेला असतो, साडेसहा अंशांच्या आसपास. या साडेसहा अंशांवर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. एवढ्या उतारावर गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम नववा हिस्सा गोळीला खाली ओढतो. त्यातलाही काही भाग तिला गरगर फिरवण्यात खर्च होतो. वाटेत काही नसेल तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत घरंगळायला तिला दीड सेकंदापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. उतार एका अंशाने वाढवला की ओढ पंधरा टक्क्यांनी वाढते. गोळी खाली येताना माणसाला तिच्याकडे बघून, ठरवून, बोट दाबता यावं आणि तरी उसंत मिळू नये, असा काळाचा जो चिमुकला तुकडा आहे, तो या कोनातून निघतो. मागच्या पायांच्या तळाशी असलेले स्क्रू फिरवून तो बदलता येतो, ही गोष्ट मला अजूनही अद्भुत वाटते.

फ्लिपरच्या आतही अशीच ओढाताण आहे. रॅम्प चढून जाईल एवढ्या जोराने गोळी मारायची तर कॉइलमधून भरपूर वीज गेली पाहिजे. पण खेळाडू बटण दाबून धरतो, गोळी फ्लिपरवर तोलून धरतो, विचार करतो. तेवढा वेळ तीच वीज वाहत राहिली तर कॉइल जळून जाईल. म्हणून जुन्या यंत्रांमध्ये एकाच कॉइलवर दोन वेटोळी असत, एक ताकदीचं आणि एक नुसतं धरून ठेवणारं. फ्लिपर पूर्ण उचलला गेला की टोकाशी एक छोटा स्विच पहिल्याला बाजूला करी. हल्ली ते काम बरंचसं प्रोग्रॅम करतो: आधी एक जोरदार झटका, मग बारीक बारीक ठोके. खेळाडूच्या बोटाला यातलं काही जाणवत नाही, आणि जाणवायलाही नको.

पटावर काय मांडायचं हा प्रश्न आला की आरेखकांचे स्वभाव दिसू लागतात. स्टीव्ह रिची यांना वेग हवा असतो. गोळी रॅम्पवरून सुसाट जावी आणि वळून थेट दुसऱ्या फ्लिपरवर यावी, अशी त्यांची मांडणी. पॅट लॉलर गोळीला थांबवतात, लपवतात, तिच्याभोवती प्रसंग उभा करतात. त्यांच्या 1992 च्या 'अॅडम्स फॅमिली'त पेटीतून एक हात बाहेर येतो आणि चुंबकाने गोळी उचलून आत घेऊन जातो. पटाखालचे चुंबक मध्येच जागे होऊन गोळीची वाट मोडतात. एक फ्लिपर तर यंत्र स्वतःच मारतं, नेम चुकला की पुढच्या वेळी क्षण किंचित बदलून बघतं. तीस वर्षांपूर्वीचं लाकडाचं खोकं आपल्या चुकांवरून शिकत होतं! त्याच्या 20,270 प्रती विकल्या गेल्या. पण गोळी जितका वेळ हाताच्या ताब्यात, तितका वेळ खेळाडू रिकामा. खेळणं जेवढं देखणं, तेवढा खेळ थबकतो. दोन्ही प्रकारांवर जीव टाकणारे लोक आहेत. माझा कल लॉलरकडे आहे, कारण रिचींच्या यंत्रावर माझी गोळी आली कधी आणि गेली कधी तेच मला कळत नाही.

1999 मध्ये विल्यम्स कंपनीने पिनबॉल बनवणं बंद केलं आणि पुढची कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणावर यंत्रं बनवणारी स्टर्न ही एकच कंपनी उरली. आता पुन्हा दरवर्षी नवी यंत्रं येतात. त्यांतलं 2021 चं स्टर्नचं 'गॉडझिला' मला या तडजोडींचं उघडं पुस्तक वाटतं. ते आखलं कीथ एल्विन यांनी. एल्विन आधी जगातल्या अव्वल स्पर्धकांपैकी एक. 'आर्चर' नावाचं एक यंत्र त्यांनी हौसेखातर स्वतःच जुळवलं होतं, आणि त्याच आराखड्यातून 2018 चं त्यांचं पहिलं अधिकृत यंत्र, 'आयर्न मेडन', उभं राहिलं.

'गॉडझिला' प्रो, प्रीमियम आणि मर्यादित आवृत्ती अशा तीन रूपांत निघालं. प्रीमियममध्ये इमारतीचे मजले मोटरवर खाली बसतात, पूल कोसळतो. प्रोमध्ये इमारत जागची हलत नाही, पूल अभंग राहतो. आरेखकाचं खरं कसब मला इथे दिसतं. वाटा, वळणं, मारण्याचे कोन असा मूळ सांगाडा एकच आहे. म्हणजे कोसळणारी इमारत अशा ठिकाणी हवी की कोसळली तर डोळ्यांचं पारणं फिटावं, आणि मुळात हलणारच नसली तरी त्या जागी गोळीला मारण्यासारखं काही असावं. मोटर काढून टाकल्यावरही खेळ पुरा वाटावा, हे मोटर बसवण्यापेक्षा अवघड आहे. किमतीतला फरकही लहान नाही. 2025 मध्ये स्टर्नची प्रो यंत्रं सुमारे सात हजार डॉलरला होती, मर्यादित आवृत्ती सुमारे तेरा हजारांना. तरी प्रो मुद्दाम पसंत करणारे खेळाडू आहेत, आणि ते केवळ पैशांसाठी नव्हे. हलणारे भाग कमी, म्हणून बिघाड कमी, आणि गोळी अडते कमी.

हलणारा भाग म्हणजे काय दुखणं असतं हे जर्सी जॅक कंपनीच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'ने दाखवलं. पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा त्याच्या पटावर एकात एक बसवलेल्या तीन फिरत्या चकत्या होत्या. त्यांच्यावर आलेली गोळी कुठे भिरकावली जाईल याचा नेम नाही. डोळ्यांसमोर आणून बघा: 80 ग्रॅमची पोलादी गोळी त्यांच्यावर तासन्‌तास आदळणार, फटीत धूळ जाणार, आणि तिन्ही चकत्या पटाच्या पातळीला केसाएवढ्याही वर-खाली होऊन चालणार नाही. विक्रीला आलेल्या यंत्रांत एकच चकती होती. ज्यांनी मूळ तिन्ही फिरताना पाहिल्या त्यांना हळहळ वाटली, आणि ती मला समजते. पण यंत्र बंद पडलं तर ते शंभर किलोंहून जड फर्निचर होतं, हेही तितकंच खरं.

टेक्सासच्या मल्टिमॉर्फिक कंपनीने वेगळाच मार्ग धरला. त्यांच्या 'पी-3' यंत्रात पटाच्या खालच्या मोठ्या भागात पडदाच आहे. गोळी त्याच्यावरून धावते, इन्फ्रारेड किरणांनी तिचा ठाव घेतला जातो आणि ती जाईल तिथे तिच्याखाली चित्रं उमलतात. मागचा यांत्रिक भाग काढून दुसरा बसवला की खेळच नवा. एका खोक्यात अनेक यंत्रं! मात्र जिथे पडदा आहे तिथे खालून चुंबक नाही, खड्डा नाही, मध्येच उसळून येणारं लक्ष्य नाही. प्रकाश हवा तेवढा मिळाला, त्या जागेची खोली गेली.

जागा आणि पैसा यांच्यावरचा खरा धनी म्हणजे वेळ. यंत्र दुकानात, बारमध्ये उभं असे तेव्हा मालकाला डाव मिनिटांत संपलेला हवा असे. डाव संपला तर पुढचं नाणं पडणार. आता बरीच यंत्रं घरांत जातात. तिथला खेळाडू तेच यंत्र वर्षानुवर्षं खेळणार, त्याला कादंबरीसारखं लांबलचक काही हवं: टप्पे, उपकथानकं, शेवटी क्वचितच कुणाला दिसणारा कळस. पट एकच आणि दोघांनाही पुरायला हवा. त्यावर सापडलेली तोड म्हणजे प्रोग्रॅम. लाकूड कारखान्यात कायमचं ठरून जातं, नियम मात्र यंत्र घरी आल्यावरही वाढत राहतात. म्हणून बरीच नवी यंत्रं अपुऱ्या नियमांनिशी विक्रीला येतात आणि पुढे महिनोन्‌महिने भरत जातात. कुणाला ही फसवणूक वाटते. मला मात्र घरातलं यंत्र एका सकाळी नवं काही बोलायला लागतं याचंच अप्रूप वाटतं.

आणि नशीब? ते यंत्रातून पुरतं काढता येत नाही, आणि पूर्वी त्याची भारी किंमत मोजावी लागली होती. पिनबॉल हा जुगार आहे असं म्हणून न्यूयॉर्क शहराने 1942 मध्ये त्यावर बंदी घातली. ती उठली 1976 मध्ये. त्या वेळी रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवलं, आणि दांडा ओढण्याआधीच सांगितलं की गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल. ती गेली. पण प्रत्येक गोळी सांगितल्या वाटेनेच जाऊ लागली तर डाव कधी संपणारच नाही. म्हणून दोन्ही कडांना एकेक अरुंद वाट असते. तिच्यात शिरलेली गोळी फ्लिपरला चुकवून थेट खाली जाते. त्या वाटेच्या तोंडाशी रबर चढवलेला एक खुंट असतो. वाट रुंद ठेवावी की अरुंद, हे आरेखक, हिशेबनीस, कारखाना यांच्यापैकी कुणीही अखेरचं ठरवत नाही. अनेक यंत्रांत त्या खुंटासाठी दोन-तीन भोकं पाडलेली असतात, एकाशेजारी एक. यंत्र ज्याच्या दारात पोचतं तो वरची काच सरकवतो, खुंटाचा स्क्रू सैल करतो आणि कुठल्या भोकात तो बसवायचा याचा विचार करत तसाच वाकून उभा राहतो.