रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा!

दिवाळीच्या आधीची आवराआवर म्हणजे आपल्या घरोघरी मोठं कामच. माळ्यावरचे डबे उतरवायचे, पितळेची भांडी चिंचेनं घासायची आणि 'हे कशाला ठेवलंय अजून?' असं म्हणत निम्म्या वस्तू भंगारात काढायच्या. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले. तीन वर्षांपूर्वी लातुरातलं आमचं गंजगोलाईजवळचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा तर मी पदर खोचूनच उभी राहिले. देवळीतली, माळ्यावरची, कोनाड्यातली जुनी पुस्तकं दोन पोत्यांत भरली आणि रद्दीवाल्याला बोलावलं. "ताई, पिवळ्या कागदाला भाव नसतो," असं म्हणत त्यानं किलोला आठ रुपये लावले. त्या पैशांची मी भाजी आणली.

मैत्रिणींनो, हे सांगताना आज लाज वाटते. कारण मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली बाई आहे!

राहिली होती ती सासूबाईंच्या पलंगाखालची एक पत्र्याची ट्रंक. ती उघडली तेव्हा आत 'शिवलीलामृत' आणि 'पांडवप्रताप' या पोथ्या, काही उर्दू कागद, काही मोडीतले कागद आणि कव्हर नसलेलं एक जाडजूड पुस्तक निघालं. बायकांनी घरखर्च कसा मांडावा, मुलांना वळण कसं लावावं, असं शिकवणारं.

"आत्या, ह्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"मोठ्या आईच्या पोथ्या हैत त्या. पोथी रद्दीत घालू नको, पाप लागंल. बाकीचं दे की."

मोठी आई म्हणजे माझी आजेसासू. ते बिनकव्हराचं पुस्तक मी पोत्यात टाकणार, तेवढ्यात मागची कोरी पानं उलगडली. ती कोरी नव्हतीच. शिसपेन्सिलीनं, वेडंवाकडं, पण स्पष्ट बाळबोध अक्षर. शके, महिना, तिथी आणि पुढं एकेक ओळ. कोण कधी जन्मलं, कुणाला किती पायल्या जोंधळे उसने दिले, कोणत्या साली देवी आल्या. पाच बाळंतपणांच्या नोंदी होत्या. त्यातल्या एकीपुढं नाव नव्हतं. फक्त 'मुलगी, तीन दिवस' एवढंच.

आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती ती चारच मुलं.

मी आत्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्या तर तिला अंगठाच लावताना बघितलंय गं. भावाच्या पाटीवर शिकली आसंल. आमच्या वक्ताला बाईनं हातात कागद धरला तरी लोक म्हणायचे, कुणाला चिठ्ठी लिहायली?"

म्हणजे लिहिता येत असूनही ती बाई जन्मभर अंगठा लावत राहिली!

त्या काळी आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तिथलंही शिक्षण उर्दूतून. मराठी माणसालाच मराठीत शिकणं अवघड होतं, तिथं खेड्यातल्या सुनेचं काय? आणि तरीही शके १८७० च्या भाद्रपदात तिनं लिहून ठेवलं आहे की सोलापूरच्या हद्दीतून परत आलो, परसात पुरलेलं जातं वर काढलं. ही १९४८ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. १३ तारखेला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीपलीकडे गेलेली माणसं मग घरी परतली. मुक्तिसंग्रामावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण गाव सोडताना बाईला जात्याची काळजी असते, हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मला जुन्या पुस्तकांचं वेडच लागलं म्हणा ना. वाचायला लागले तसं लक्षात आलं की आपल्या बायकांची कितीतरी पुस्तकं अशीच हरवता हरवता वाचली आहेत.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचंच बघा. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून आधी फाशीची शिक्षा झाली होती. त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांवरच ताशेरे झोडले जाऊ लागले. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटेखानी पुस्तक पुण्यात छापून घेतलं. किंमत नऊ आणे. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. लोक खवळले. जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. पुढं हे पुस्तक लोक जवळजवळ विसरूनच गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. मधली नव्वदेक वर्षं ते कुठंतरी कपाटात पडून होतं. एखाद्या सुनेनं ते कपाट आवरलं असतं तर?

गंमत म्हणजे त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति' निघालं. त्यात बायकांनी कसं वागावं, कसं शिकावं याचा उपदेश आहे. एक पुस्तक बायकांना शिकवणारं, दुसरं पुरुषांना जाब विचारणारं. रमाबाईंच्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाला उपयोगी पडला. त्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, म्हणून आज आपल्या हाती आहे. शिक्षणाचं महत्त्व सांगणारं फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटकही त्याच साली लिहिलेलं, पण ते छापायला १९७९ साल उजाडलं.

आणि लांब कशाला? आपल्या शेजारच्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीनं सुमारे चाळीस फूट लांब कापडावर आपला ग्रंथ लिहिला. योगेश्वरीच्या दर्शनाला आपण किती वेळा जातो, पण पासोडीबद्दल किती जणींनी विचारलं?

मोठ्या आईचं पुस्तक मी एकदा आमच्या बचत गटाच्या बैठकीला नेलं. हप्ते गोळा झाल्यावर नोंदी वाचून दाखवल्या. नाव नसलेल्या मुलीची ओळ आली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. गटात एक जण आहे, अजून अंगठा लावते. बैठक संपल्यावर ती मागं थांबली आणि म्हणाली, "वहिनी, मला बी माझ्या लेकरांच्या तारखा लिहायच्यात. माझ्या हातानं." गेले चार महिने ती दर शनिवारी पाटी घेऊन येते. पुढच्या बैठकीला दोघी जणी माहेरून जुन्या वह्या घेऊन आल्या. एकीत ओव्या होत्या, दुसरीत झाडपाल्याची औषधं.

म्हणून मैत्रिणींनो, थोडं सांगावंसं वाटतं. जुनं पुस्तक रद्दीत घालण्याआधी पहिली आणि शेवटची पानं जरूर बघा. फाटलेलं पान चिकटपट्टीनं जोडू नका, ती काही वर्षांनी पिवळी पडून कागदच खाते. लॅमिनेशन तर नकोच. कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वारा द्या. आपल्या आज्या पोथ्या सुती फडक्यात बांधून ठेवत, तीच पद्धत चांगली. आजकाल हातोहाती मोबाइल आहे, एकेका पानाचा फोटो काढून ठेवा. मोडी कागद फेकू नका. शासनाचं पुराभिलेख खातं मोडी वाचनाचे वर्ग घेतं, वाचणारं कुणीतरी भेटतंच. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं होऊन गेली की त्या पुस्तकावरचा हक्क संपतो, मग ते कुणीही पुन्हा छापू शकतं. घरात जागाच नसेल तर गावच्या वाचनालयाला विचारा. साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात, तीही मुलांकडून उघडून घ्या.

मी विकलेल्या त्या दोन पोत्यांच्या मागावर रद्दीवाल्याकडे गेले होते. "ताई, त्याचा कधीच लगदा झाला असंल," म्हणाला. त्यात काय होतं, हे आता मला कधीच कळणार नाही.

आत्या मात्र आता दर पितृपक्षात पान वाढताना एक घास जास्तीचा ठेवतात. "तिचा पण," एवढंच म्हणतात.